पॅरलल

फायबरवाला मुलगा विचारतो,
या लाईनवर अजून काय काय आहे, काकू?
सुयोग डावखर, मोज्याला भोक,
हातात केसाएवढी तार.

हॉलमधला लाल फोन, मी सांगते.
यांचं फॅक्स मशीन. न्हावा-शेव्याची बिलं
अजून खालच्या खणात, अक्षरं उडालेली.
आणि कपाटाचा भोंगा. चोर आला
की भाच्याला फोन लावतो,
त्याच्या जुन्या नंबरावर. भाचा आता कॅनडात.

फॅक्स नाही चालणार.
भोंग्याला अ‍ॅडॉप्टर लागेल, तरी खात्री नाही.
आणि लाईट गेली की सगळंच झोपणार.
तांब्याचं तसं नव्हतं, तो पुटपुटतो,
जणू कुणा नातेवाइकाबद्दल.

मग खिडकीच्या चौकटीशी वाकून
एक काळी वायर बोटावर घेतो.
ही वर कुठे जाते?

चौऱ्याण्णव साली नेरूळला
फोनसाठी नंबर लावून वर्षं जायची.
वरच्या तारकुंडेबाईंना आम्ही निम्मी लाईन दिली,
निम्म्या बिलात.
रिंग दोन्हीकडे वाजायची,
त्यांचा फोन असला की मी
मोरीच्या पाइपावर चमचा वाजवायची.

हे गेले त्या रात्री
बहिणीशी दोन तास बोलत होते.
मध्येच तारेत कुणीतरी नाक ओढलं.
दुसऱ्या दिवशी दारात मऊ भात,
झाकण घातलेला.
आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

सुयोगने पक्कड उघडून धरलीय.
थांब जरा, म्हणते,
आणि स्वयंपाकघरात जाऊन
चमचा शोधते.