४१७ आणि ४१८

दोन पोती आली, दोन्हींवर नुसते आकडे.
कोणतं कुणाच्या शेतातलं, ते सांगणारा कागद
बाईंच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात.
मला एवढंच ठाऊक:
उत्तर डेन्मार्क, साल्लिंगची रेताड जमीन,
दोन सख्खे भाऊ, मधे एक चर,
चराच्या एका बाजूला शेणखत, दुसऱ्या बाजूला पिशवीतलं खत,
आणि अकरा वर्षं दोघांचं बोलणं
हवामानापुरतं.

गाजरं धुताना मी आगाऊपणा केला.
वाटलं, ओळखीन की.
वाकडं, दोन पायांचं, केसाळ, ते आस्गरचं.
सरळसोट, ते टोर्बेनचं.
पण वाकडी दोन्ही पोत्यांत निघाली.
एकात तर एक गाजर दुसऱ्याच्या
गळ्यात हात टाकून वाढलेलं.
ते मी बाजूला ठेवलं. का, विचारू नका.

कॅरोटीन उजेडाला भितं,
म्हणून पडदे ओढून, मंद पिवळ्या दिव्याखाली
आम्ही चोरांसारखं काम करतो.
द्रव नायट्रोजनची वाफ टेबलावरून खाली सांडते,
चकती काचेसारखी फुटते,
खलात तिची पूड होते,
मग ती पूड हातमोज्यांवर, घड्याळाच्या पट्ट्यावर,
एकदा रात्री उशीवरसुद्धा.

यंत्र चार दिवस कागदावर टेकड्या काढत बसलं.
पाचव्या दिवशी दोन्ही कागद एकावर एक धरून
मी खिडकीशी नेले.
टेकडीवर टेकडी बसली.
थोडं इकडे, थोडं तिकडे, पण तेवढा फरक
एकाच पोत्यातल्या दोन गाजरांतही होता.
तेवढा फरक माझ्या हाताचाही असेल,
मंगळवारी मला सर्दी होती.

साखर पाहा, लोह पाहा, जीवनसत्त्व पाहा,
तीच गत.
फक्त ४१८च्या सालीत
बुरशीनाशकाचा अंश सापडला,
मर्यादेच्या कितीतरी खाली,
पोहण्याच्या तलावात चिमूटभर मीठ पडावं तसा.
तो पौष्टिकतेच्या रकान्यात बसत नाही.
त्याचा रकाना निराळा,
आणि भावांनी विचारलेला प्रश्नही तो नव्हता.

शुक्रवारी दोघं आले, दोन गाड्यांतून.
बाईंनी पाकीट फोडलं, आकड्यांना नावं मिळाली.
टोर्बेनने वाचलं. "बघ, सारखंच आहे."
आस्गरने तोच कागद वाचला.
"बघ, तुझ्यात विष आहे."
दुधाचं दूध, पाण्याचं पाणी व्हावं म्हणून आले होते.
दोघंही आपापलं दूध घेऊन निघाले.

आस्गर मात्र दारात घुटमळला.
"चरात यंदा बेडूक आलेत," म्हणाला,
माझ्याकडे न बघता. "ते मोजता का तुम्ही?"
नाही, म्हटलं. इथे फक्त गाजर येतं.
बाहेर टोर्बेन खिशात किल्ली चाचपत होता.
"माझ्याही बाजूला ओरडतात," तो म्हणाला,
"रात्रभर. झोप येत नाही."
मग दोघं बराच वेळ पार्किंगमध्ये उभे होते.
काचेमागून मला ओठ दिसत होते,
पण ते हवामानाबद्दल बोलत असतील,
मी काही सांगू शकत नाही.

उरलेली गाजरं बाई म्हणाल्या, न्या घरी.
एकच पिशवी होती. दोन्हींची भर एकीत.
रात्री सूप केलं, आलं घातलं, जरा खारट झालं.
आग्नेतेने, सात वर्षांच्या माझ्या मुलीने,
चमच्याने एकेक तुकडा टिपून
बशीच्या कडेला नीट रांग लावली
आणि पाव खाल्ला, कोरडा.

मी ओरडले नाही.
दिवा पिवळाच होता, आमच्या स्वयंपाकघरातलाही.
सवयीने तुकडे मोजले.
तेवीस.