शंभरातलं एक

औलूमध्ये दुपारी तीनलाच अंधार.
टेबलावर गार झालेली कॉफी, आणि वाद एकच:
कंपायलरनं आपल्या माणसांना कळवावं का,
कोण त्याला कसं वापरतं ते?

इर्मेली म्हणाली, नाव नको, गाव नको,
कुठला पर्याय किती वेळा, एवढंच.
आठवड्यातून एकदा, शंभरातल्या एकाकडून.
शितावरून भात.

वेइक्को म्हणाला, शीत उचलताना
भाताला विचारायचं की नाही?

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
रेडिएटर तेवढा टिकटिकत राहिला.

मी हात वर केला, 'मोजू दे'च्या बाजूनं.
अकरा वर्षं सांभाळतोय एक जुना पर्याय,
कुणी वापरतं की नाही, ठाऊक नसताना.
अंधारात वाढून ठेवलेलं ताट.

घरी आलो. बुटांतला बर्फ झटकला.
नवी आवृत्ती चढवली.
तिनं अदबीनं विचारलं: मोजू का?
कर्सर लुकलुकत थांबला.

'नाही' लिहिलं.

आणि तोच जुना पर्याय लावून
रात्री उशिरापर्यंत काम करत बसलो,
त्याचं एकुलतं एक गिऱ्हाईक, कदाचित,
न मोजलेलं.