फेरवजन

महान्यायवादी साहेब,
शिक्षा हलकी वाटली तर अठ्ठावीस दिवसांत कळवावं म्हणे.
आज पंचविसावा.
बावीस दिवस मी स्वयंपाकघरात नुसताच बसून होतो,
दोन दिवस पेन शोधण्यात गेले.

मी डेरेक थर्लो. नॉरफकच्या साखर कारखान्यात
वजनकाट्यावर एकतीस वर्षं.
सप्टेंबर ते फेब्रुवारी, बीटचे ट्रक.
भरलेला काट्यावर घ्यायचा, मग रिकामा,
मग वजावट: चिखल, दगड, पाल्याचे शेंडे.
उरेल ते शेतकऱ्याचं.
तेव्हा वजावट मला कोणी शिकवू नये.

कोर्टात मी तेच ऐकत होतो.
पन्नासच्या रस्त्यावर ब्याऐंशी मैल,
मांडीवर फोन, अर्धा लिहिलेला निरोप.
निरोपात नुसतं "हा हा" होतं.
ते वकिलांना मोठ्याने वाचावं लागलं.
न्यायाधीशबाईंचा आवाज मऊ.
वय कोवळं, वजा.
पहिलाच गुन्हा, वजा.
पश्चात्तापाचं पत्र, वजा.
कबुली दिली, एक तृतीयांश वजा.
खाली उरली तीन वर्षं चार महिने.

ब्रायनी रात्रपाळी करून सायकलवर येत होती,
वृद्धाश्रमातून, आठ मैल.
अंगात पिवळं चमकतं जाकीट.
तिला ते आवडायचं नाही, मीच घालायला लावायचो.
पोलिसांनी कागदी पिशवीतून परत दिलं.
पिठाच्या काट्यावर ठेवून पाहिलं मी.
दोनशे दहा ग्रॅम.

पॉलीन विचारते, किती हवीत तुला? आकडा सांग.
दहा म्हणतो. मग वीस म्हणतो.
मग उठून कुत्र्याला फिरवून आणतो.
परवा दुकानात त्या पोराची आई दिसली.
मला पाहिलं आणि टोपली तिथंच ठेवून गेली,
दूध, अंडी, मांजराचं खाणं.
मी एकेक वस्तू जागेवर लावली.
का लावली, माहीत नाही.

तर माझ्याकडे आकडा नाही.
पण कधी कधी एखादा शेतकरी काट्याच्या खिडकीशी यायचा,
टोपी हातात, म्हणायचा, डेरेक, हे पटत नाही.
मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न.
तरी एकालाही मी हाकललं नाही.
ट्रक मागे घ्यायला लावायचो,
काटा शून्यावर आणायचो
आणि पुन्हा.
कधी आकडा बदलायचा. बहुतेकदा नाहीच.
पण माणूस पावतीची नीट घडी घालून
खिशात ठेवायचा.

साहेब, मी खिडकीशी उभा आहे.