पीळ

ग्राइफ्सवाल्डला डिसेंबरात चार वाजायच्या आतच अंधारतं.
स्वांत्ये सायकल रेलिंगला बांधते,
हातमोजे दातांनी ओढून काढते
आणि आत जाते, जिथे आज सूर्य
सात मिनिटं टिकायला हवाय.

सूर्य म्हणजे काय,
तर मोहरीच्या दाण्याइतक्या वजनाचा हायड्रोजन,
कोटी कोटी अंशांवर, कशालाही न शिवता फिरणारा.
भिंतीला टेकला की तो विझला, भिंतीला चट्टा.
त्याच्यापासून हातभर अंतरावर
विश्वातल्या गारठ्याशी स्पर्धा करणारी वेटोळी.
एकही सरळ नाही.
कुणी धुणं पिळलं आणि झटकायचं विसरून गेलं, तशी.

सुंभ जळतो, पीळ उरतो,
असं आपण एखाद्याला हसून म्हणतो.
इथे सगळी भिस्त पिळावरच.

तिचे वडील योखेन, लुबमिनच्या अणुवीजघरात फिटर.
नव्वद साली ते बंद पडलं.
मग पंचवीस वर्षं, आपणच जोडलेले पाइप
आपणच कापले, पुसले, मोजले, पिंपांत भरले.
"जोडायला तीन लागली होती," एवढंच बोलतात.

फोनवर मात्र ठरलेला प्रश्न:
"काय गं, केटली उकळली का?"
नाही, बाबा. एक कपही नाही.
उलट आम्हीच गावाच्या तारेतून वीज ओढतो
सूर्य पेटवायला.
"अजून किती?"
तीस वर्षं.
"मी तिशीत होतो तेव्हाही तीसच होती."

तिला हसू येतं. मग जरा वेळानं येईनासं होतं.
कारण केटलीसाठी हा साधा हायड्रोजन पुरणार नाही,
ट्रिटियम लागेल, आणि तो काही बाजारात पोत्यानं मिळत नाही;
भट्टीतच लावावा लागेल, विरजणासारखा,
आजच्यातून उद्याचा.
आणि ते विरजण अजून कुणाचंच
नीट लागलेलं नाही.

तीन. दोन. एक.
पडद्यावर कडेनं गुलाबी झालर,
मधोमध काहीच नाही;
खरी आग दिसण्याच्या पलीकडे गेलेली.
कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही.
पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर
पाण्याच्या एका सेन्सरला शंका आली
आणि सगळं काळं झालं.
हाउकेनं वहीत वेळ लिहिली. पेन चालेना, पुन्हा लिहिली.

रात्री तिनंच फोन केला.
"पाच चाळीस, बाबा."
पलीकडे बराच वेळ शांतता.
"म्हणजे चहा मुरण्यापुरती," ते म्हणाले.
किती वर्षं, ते आज विचारलं नाही.
त्यांच्या मागे, स्वयंपाकघरात,
केटली शिटी वाजवत होती
आणि ते ती बंद करायला उठत नव्हते.