गुरुवारपर्यंत

गवताच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलाय.
चार घोड्या.
त्यातली लीसू त्याची आई,
पॅसू सावत्र बहीण.
उरल्या दोन.
दोन घोड्यांसाठी बारा महिने एक वळू:
वेगळं कुरण, वेगळा तबेला, दुहेरी कुंपण, त्यात वीज,
आणि फेब्रुवारीत, खाडी गोठते तेव्हा,
त्याच्या एकट्याच्या बादलीतला बर्फ
कुऱ्हाडीच्या पाठीनं फोडायचा.

काल्यो म्हणतो, ठेव.
या रक्ताचे वळू सारेमा बेटावर आता
बोटांवर मोजण्याइतके.
काल्योकडे घोडा नाही. मोटारबोट आहे.

मारिका म्हणते, मुख्य भूमीवरून मागव की.
थंड डब्यात येतं, सकाळच्या फेरीनं,
ड्रायव्हर कॉफीच्या थर्मासशेजारी ठेवतो,
फक्त उघडताना नीट बघायचं.
वळू पाळायचा खर्च नाही, धाक नाही,
शेजारची पोर कुंपणाखालून आत शिरली
तर काळजाचं पाणी होणं नाही.

नाव राइम.
म्हणजे आमच्या समुद्रातली ती बारकी चंदेरी मासळी.
जन्मला तेव्हा तसाच ओला चमकत होता,
आणि तसाच हातातून निसटला, गवतात,
चार पायांचं काय करायचं ते न कळून.
आता तीन वर्षांचा. मान भरलीय.
मे महिन्यात तपासणीला तिघं आले,
मोजपट्टी लावली, खुरं उचलली, दुडकी बघितली.
सगळ्यात म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, परत घातला,
म्हणाला, "चांगला आहे."

इथं हा शब्द कुणी उगाच खर्च करत नाही.

म्हणून तर अडलंय.
वाईट असता तर गेल्याच वर्षी उरकलं असतं,
अर्ध्या तासाचं काम.
वाईटाला खच्ची करताना कुणाची झोप उडते?

कुंपणाच्या आतल्या अंगानं त्यानं पायवाट पाडलीय.
जाऊन येऊन, जाऊन येऊन,
ज्युनिपरच्या झुडपापासून दगडी गडग्यापर्यंत.
मी तीत हात घालून बघितला,
मनगटावरचं घड्याळ बुडालं.
पलीकडे घोड्या एकमेकींची मान खाजवत उभ्या असतात.
मी खरारा करते तेव्हा तोही वळतो,
दातांनी माझा खांदा खाजवू लागतो.
रागानं नाही. त्यांच्यात रीतच आहे.
माझं जाकीटच तेवढं जाड नाही.

एकांडा शिलेदार म्हणायला रुबाबदार.
एकांड्याला कुणी विचारलंय?

की हे सगळं मी माझ्यासाठीच जुळवतेय?
माझी साठी उलटली.
गेल्या हिवाळ्यात त्यानं मला फाटकाशी दाबलं,
सहज, जाता जाता,
बरगडी अजून थंडीत बोलते.
ही गोष्ट मी काल्योला सांगितलेली नाही.

बुधवारी रात्री अंधार पडलाच नाही.
जूनमध्ये इथं पडत नाही.
मुस्तिका माजावर होती,
गडग्याला टेकून, शेपूट बाजूला करून उभी,
आणि तो पायवाट सोडून एका जागी
इतका स्तब्ध, की मला वाटलं आजारी आहे.
मी कडी नीट बसलीय का बघायला गेले होते.
एवढंच सांगेन.

सकाळी मारिकाची व्हॅन आली.
मुस्तिकाच्या आयाळीच्या मुळाशी
केसांचा पुंजका ओला, विस्कटलेला.
मारिकानं तो बघितला, मला बघितलं,
बादलीत हात कोपरापर्यंत धुतले.
"आजच ना? गुरुवार?"
"गुरुवारच."
तिनं सुई भरली.

पायवाटेवर गवत यायला किती लागेल
ते विचारायचं राहून गेलं.
कारण त्यानं मान माझ्या खांद्यावर टाकली होती,
औषधानं,
आणि ती जड होत गेली,
दगड, मग दगडांची गाडी.
आधी माझे गुडघे वाकले,
मग त्याचे.