ठ-मधली काडी

फाट्यावरच्या जिनात बाबा पत्रे कापायचे.
तेलाच्या डब्याचा पत्रा, छिन्नी, कानस,
खाली बाभळीचा ओंडका.
अक्षर काढायचं म्हणजे खरं तर
अक्षराची जागा तेवढी काढून टाकायची.
मग पत्रा रुईच्या गाठीवर धरायचा
अन् काळा कुंचला फिरवायचा:
लॉट. गाठ नंबर. वजन. साल.
हंगामात सहा हजार गाठी, पत्रा एकच,
आकडे तेवढे बदलायचे.

मी डबा घेऊन जायची.
एकदा विचारलं, ठ-च्या पोटात ही काडी कायले?
"नाही ठेवली तं पोट गयून पडते, बाई.
मंग ठ नाही उरत. भोक उरते."

आता त्याच टिनाच्या छपराखाली
आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून मी बसते.
स्कीमा आला आहे, चाळीस जिनांच्या वजनकाट्यांचा,
दोनशे चौदा प्रकारच्या नोंदी,
प्रत्येकीची फील्डं वेगळी.
हातानं लिहीन तर पोळा येईल, जाईल,
आणि चुका माझ्या नावावर राहतील.
म्हणून एकच टेम्प्लेट.
नावाच्या जागी नावाची जागा,
वजनाच्या जागी वजनाची.
आणि दोन जागांमध्ये बारीकसारीक कामं करणारे हेल्पर:
एक पहिलं अक्षर मोठं करतो,
एक शब्दांमधली फट बुजवतो,
एक एकाचे अनेक करतो.

हा तिसरा आगाऊ निघाला.
दिसेल त्याला एस लावत सुटला,
गाठीला लावला, सरकीला लावला, रुईलासुद्धा.
बाबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले,
"रुईले अनेकवचन नसते पोरी.
तिले वजन असते."
मी अपवादांची यादी केली.
त्यात पहिलं नाव रुईचं.

संध्याकाळी चालवून पाहिलं.
एक कमांड, आणि चहा उतू जायच्या आत
दोनशे चौदा फाइली,
सगळ्या एका वळणाच्या, सगळ्या शहाण्या.
एकच गोष्ट टोचली.
स्कीमात लिहिलं होतं,
हमालाचं नाव: सक्तीचं नाही.
आणि जे सक्तीचं नाही आणि रिकामं आहे
ते आपला कोड गुपचूप गाळून टाकत होता.
नोंदीत गाठ होती, वजन होतं, ट्रकचा नंबर होता.
गाठ उचलणारा माणूस नव्हता,
आणि नाही हेही कुठे दिसत नव्हतं.

स्कीमा माझा नाही. तो मी बदलू शकत नाही.
हेल्पर मात्र माझा आहे.
रात्री साडेअकराला चार ओळी लिहिल्या:
रिकामं असेल तर गाळू नको.
तिथे लिही, नाव नोंदवलेलं नाही.

सकाळी बाबांना स्क्रीन दाखवली.
त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, वाचता येत नाहीत;
आयुष्यभर कापली आहेत ना.
प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर एकच ओळ पाहून
त्यांनी विचारलं, हे काय लिहिलं सगळ्याइवर?
म्हटलं, हे मशीननं लिहिलंय, हात लावू नका.
ते खोकला येईपर्यंत हसले.
"आमीबी लिवत होतो गाठीवर, हूक लावू नका.
अन् सारे हूकच लावत."

मग जरा थांबून म्हणाले,
"अन् काडी कोठी हाय यातली?"
मी त्या चार ओळींवर कर्सर नेला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बोट पुढे आणलं, काचेवर टेकवलं,
छिन्नीची धार पाहावी तसं,
अन् काही बोलले नाहीत.
शेळी दावं तोडून परसात शिरली होती,
तिकडे गेले.

काचेवर बोटाचा डाग आहे.
अजून पुसला नाही.