सातवा रकाना

रात्री दोनला रक्तपेढीचा फ्रीज
जास्तच मोठ्याने गुरगुरतो.
बाहेर ग्वाल्हेरचं जानेवारीतलं धुकं.
किल्ला नाहीसा झालेला,
गेटवरचा चहावाला म्हणजे नुसता खोकला.

कपूरी. वय तेवीस (अंदाजे).
गाव कराहलच्याही पुढे. खेप चौथी.
हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन,
म्हणजे घरून निघतानाच
ती अर्धी रिकामी होती.

कराहलला डॉक्टरीणबाई रजेवर.
श्योपूरला भूल देणारं कुणी नाही.
शिवपुरीने चिठ्ठी दिली : ताबडतोब ग्वाल्हेर.
चिठ्ठीला घाई होती,
गाडीत डिझेल नव्हतं.

मूल वाटेतच झालं, मोहनाच्या नाक्यावर.
रडलं. जगलं.
सासू तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली.
आपण मराठीत म्हणतो :
मोकळी झाली.

कोण रक्त देतंय, मी विचारलं.
नवरा, दीर, चुलतदीर :
तीन जोड मिशा भिंतीकडे बघत उभ्या.
"कमजोरी आ जाएगी, मैडम."
ओ निगेटिव्ह संध्याकाळीच संपलेलं.
क्रॉसमॅचला पाऊण तास लागतो,
मी अर्ध्या तासात उरकला.
वॉर्डबॉय पिशवी घेऊन जिना चढला
आणि तसाच, पिशवीसकट, उतरला.

तेवढ्यात सुमेधाचा फोन.
लश्करात आमच्या भिंतीला भिंत होती तिची.
आता रॉटरडॅमला सुईणीचं काम करते,
तिथे तेव्हा साडेनऊ वाजलेले.
तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आमच्याकडे अशा बायका
वर्षाकाठी बोटांवर मोजाव्यात.
एकेकीसाठी दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात,
कॉफी गार होईस्तोवर विचारत राहतात
कुठे चुकलं.

एकीचं हृदय. चाळिशीतलं पहिलं मूल,
धाप लागायची, सगळे म्हणाले थकवा.
एकीच्या पायातली गाठ
फुफ्फुसात चढली.
आणि एक...
आणि एक नवव्या आठवड्यात.
घर उबदार, नळाला गरम पाणी,
रक्त हवं तितकं.
मंगळवारी नर्स येऊन गेली,
बाळाचं वजन केलं, छान भरलं.
बुधवारी तिने स्वतःला संपवलं.

नर्स मीच होते गं, सुमेधा म्हणाली.

मला काही सुचेना.
म्हटलं, इथेही असतात तशा.
फक्त आमच्याकडे त्यांचा
विहिरीवर पाय घसरतो.
तसंच लिहून येतं.

फोन ठेवून फॉर्म पुढे ओढला.
सातवा रकाना : मृत्यूचं कारण.
जागा एका ओळीची.
डिझेल लिहून पाहिलं मनात,
रजा लिहून पाहिली,
मिशाही.
शेवटी अतिरक्तस्राव लिहिलं.
ते खोटं नाही.
शब्द रकान्यात नीट बसतो,
दोन्ही बाजूंना थोडी जागाही उरते.

सासू दारात आली,
कमरेला शालीत गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं.
दूध कुठे मिळेल, विचारत होती.
मी खोकल्याच्या दिशेने बोट केलं.

पिशवी तीस मिनिटांच्या आत परत आली होती,
म्हणजे चालते.
कपूरीच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडली.
सगळी निघाली नाही.
एक काना राहिला चिकटून,
तसाच आत ठेवला.